आंबोली उतरून दर्यात: बेटांच्या आडोशाला नांगर टाकून रात्र काढायची असेल तर

वडगावकर

मालवण-देवगडकडे होडीवर रात्र काढता येते का, आणि काढायची तर कुठं, असं आपल्या बेळगाव-खानापूरकडचे बरेच जण विचारतायत. फोनवर एकेकाला सांगण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी आणि जिथं पटत नाही तिथं सरळ सांगावं.

मी बोलतोय ते स्थानिक तांडेलासकट, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखासकट, होडी ठरवून जाण्याबद्दल. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, दुपारी एखाद्या बेटाला फेरी मारायची, सूर्य मावळायच्या आत आडोशाला नांगर टाकायचा आणि होडीवरच झोपायचं. आपण घाटावरची माणसं. सुकाणू शिकायचं तर जरूर शिकावं, गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं मोटरबोट चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण मिळतं. पण तिथली खडपं, म्हणजे पाण्यातले खडक, ज्याला तोंडपाठ आहेत असा माणूस सोबत असल्याशिवाय रात्रीचा बेत करू नये, हे माझं ठाम मत.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. संध्याकाळचा वारा बघून नांगराची जागा ठरवू नका. पहाटेच्या वाऱ्याचा हिशेब करून ठरवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो. त्यामुळे संध्याकाळी पोचलेला माणूस साहजिकच बेटाच्या आग्नेय बाजूला आडोसा धरतो. तिथं पाणी शांत असतं. होडीचं तोंड बेटाकडे, पिछाडी मोकळ्या पाण्याकडे. सगळं छान दिसतं. रात्री नऊ-दहाला वारा पडतो. मग सह्याद्रीच्या पायथ्याची जमीन थंड होत जाते आणि मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा सुरू होतो. होडी नांगराभोवती फिरते, तोंड पूर्वेला होतं आणि पिछाडी थेट बेटाच्या खडपांकडे. संध्याकाळी जी होडी खडकापासून लांब वाटत होती तीच पहाटे चारला खडकाला चिकटायला बघते. नांगर तसूभर हललेला नसतो, दोरही तुटलेला नसतो. होडी फक्त फिरलेली असते.

म्हणून नांगर टाकायच्या आधी त्या जागेभोवती मनात गोल काढायचा. सोडलेल्या दोराची लांबी अधिक होडीची लांबी ही त्याची त्रिज्या. त्या गोलात कुठल्याही बाजूला खडप, दुसरी होडी किंवा जाळ्याचा बोया (खुणेचा तरंगता गोळा) येत असेल तर जागा बदलायची. तांडेलाला हे सांगायला लागत नाही, पण आपल्यातलं कुणीतरी "अजून जरा आत घे की, लाटा कमी लागतील" असा आग्रह धरतं. तो आग्रह धरू नका.

दोर किती सोडायचा? ओहोटीला चार मीटर पाणी असेल, भरतीनं दोन मीटर वाढणार असेल आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून मीटरभर उंच असेल, तर हिशेब सात मीटरचा. दिवसा थोडा वेळ थांबायचं तर त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर. रात्रभर राहायचं तर सातपट, म्हणजे ४९ मीटर. नांगराचा दात वाळूत रुततो तो दोर आडवा ओढला गेला तरच. दोर उभा झाला की नांगर उपटून येतो. त्यासाठीच नांगर आणि दोर यांच्यामध्ये निदान होडीच्या लांबीइतकी साखळी हवी, तिच्या वजनानं ओढ जमिनीलगत राहते.

आणि दोर नायलॉनचाच घ्या. रविवार पेठेतून येताना स्वस्तात मिळतो म्हणून पिवळा प्लॅस्टिकचा दोर उचलू नका. तो पाण्यावर तरंगतो, इंजिनच्या पंख्यात अडकतो आणि उन्हानं कुजतो. नायलॉन बुडतो आणि ताण आला की थोडा लांबतो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोचत नाही.

निपाणीकर

माहिती चांगली आहे. पण नांगर घसरतोय हे झोपलेल्या माणसाला कळणार कसं? आम्ही सगळे पहिल्यांदाच जाणार आहोत. मुलंही असतील.

वडगावकर

निपाणीकर, सगळ्यांनी एकदम झोपायचंच नाही. पाळी लावायची. तांडेल आणि खलाशी दिवसभर राबलेले असतात, त्यांना झोप हवी, त्यामुळे एक पाळी आपण घ्यायची.

नांगर टाकल्यावर उजेड आहे तोवर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या. पुढं एखादा खडक, मागं माड किंवा देवळाचा कळस. तशाच दुसऱ्या बाजूला आणखी दोन. रात्रीसाठी दिव्यांची जोडी बघायची, पण घरातला दिवा नको, तो दहाला विझतो. रस्त्याचा किंवा बंदराचा घ्यायचा. खुणांची जोडी फुटली म्हणजे होडी सरकली किंवा फिरली. फिरली असेल तर होडीचं तोंडही बदललेलं दिसतं. तोंड तेच आणि खुणा मात्र फुटल्या, तर नांगर चालतोय असं समजायचं.

दुसरी परीक्षा हाताची. नाळीवर जाऊन ताणलेल्या दोरावर तळवा टेकायचा. नांगर धरून असेल तर दोर ताणतो, सैल पडतो, पुन्हा ताणतो, सगळं लाटेच्या लयीत. नांगर घसरत असेल तर दोरातून खरखर येते, बारीक थरथर, मधेच एक धक्का, परत खरखर. एकदा हाताला कळलं की विसरत नाही. मोबाइलवर नांगराचा गजर देणारी ॲप आहेत, ती लावाच, पण फोन चार्ज नसतो तेव्हा हातच कामाला येतो.

मुलांबद्दल: होडीवर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट. झोपेतसुद्धा. मापाचं जॅकेट बेळगावातूनच घेऊन जा. होडीवर असतात ती मोठ्यांच्या मापाची, मूल पाण्यात पडलं तर त्यातून खाली निसटतं.

मालवणी_झील

मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे बेळगावात. वडगावकरांनी मतलईचं लिहिलं ते शंभर टक्के खरं. आमचे जुने तांडेल म्हणत, वारो फिरलो की होडी फिरताच, तिका दोष देव नको.

पण मालवण बंदराबद्दल वेगळं लिहायलाच हवं. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये तो पुरा झाला. ती जागा निवडण्याचं एक मोठं कारण हेच, की भोवती पाण्याखाली इतकी खडपं आहेत की वाट माहीत नसलेलं जहाज किल्ल्याजवळ पोचूच शकत नाही. जी खडपं शत्रूला अडवायची तीच आज तुम्हालाही अडवतील. किल्ल्याच्या पश्चिमेला तर रात्री थांबायचा विचारही करू नका.

दुसरं, इथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळ आहे. प्रवाळावर नांगर टाकला की एका रात्रीत होडी फिरताना साखळी सगळं खरवडून काढते. ते परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. तळ वाळूचा आहे याची खात्री करूनच टाका. स्वच्छ पाण्यात पांढरट दिसते ती वाळू, काळपट डाग म्हणजे खडप किंवा प्रवाळ. खडपात नांगर अडकलाच तर निघत नाही, म्हणून आमचे लोक नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी बांधून वर बोया सोडतात. ती उलटी ओढली की नांगर सुटतो.

भरती-ओहोटीबद्दल माझं मत मात्र थोडं वेगळं. नव्या जागेत शिरायचं तर ओहोटीला शिरा, उजेडात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात संध्याकाळी पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. सगळी खडपं उघडी पडलेली दिसतात. चुकून होडी टेकली तरी येणारी भरती तिला उचलते. भरतीला शिरून टेकलात तर पाणी उतरत जाणार आणि तुम्ही तिथंच बसून राहणार.

वडगावकर

झील, ओहोटीचा मुद्दा अनुभवी तांडेलासाठी बरोबर. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी अष्टमीच्या आसपासचे दिवस सांगतो. तेव्हा भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, प्रवाहाचा ओढा कमी, रात्रीच्या दोराचा हिशेब सोपा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते. बेत आखायला हा ठोकताळा ठीक. रात्र काढायची तर सर्व्हे ऑफ इंडियाचं त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघूनच.

फक्त अष्टमीला संध्याकाळी सहाला नांगर टाकताना जे पाणी दिसतं ते सगळ्यात जास्त असतं हे ध्यानात ठेवायचं. मध्यरात्री ते उतरलेलं असणार. तेव्हा होडीखाली किती उरेल याचा हिशेब आधीच करायचा.

खानापूरचा_रानगडी

अण्णा, आमी चौघं जायच्या विचारात हाव की. वेंगुर्ल्यातनं मालवण आणि पुढं देवगड असं केलं तर कसं? आनी रात्री कुठं कुठं थांबायचं बगा जरा.

वडगावकर

रानगडी, मार्ग चांगला आहे. वेंगुर्ल्याहून मालवण पंधरा-सोळा सागरी मैल, मालवणहून देवगड वीसेक, देवगडहून विजयदुर्ग आणखी अकरा-बारा. सकाळी लवकर निघायचं. पहाटेचा मतलई उतरेपर्यंत पाणी सपाट असतं, दुपारी वायव्येचा वारा सुटला की उत्तरेकडे जाताना तो अगदी तोंडावर येतो. फेब्रुवारी सरता सरता तर दुपारनंतर होडी लाटांवर आपटायलाच लागते. म्हणून दुपारी एकपर्यंत मुक्कामाला पोचायचं.

वेंगुर्ल्याचं बंदर बरंच उघडं आहे, तिथं रात्र काढण्यापेक्षा किनाऱ्यावर झोपून पहाटे निघालेलं बरं. निवतीला भूशिराचा आडोसा मिळतो, दर्या शांत असेल तर एक रात्र छान जाते. सगळ्यात निर्धास्त झोप देवगडला. तिन्ही बाजूंनी जमीन, आत शिरलं की समुद्राचा हेलकावा जवळजवळ थांबतो. वादळाच्या बातमीवर मच्छीमारांच्या होड्या देवगडचा आसरा घेतात, यावरून काय ते समजा. विजयदुर्गला वाघोटण खाडीत किल्ल्याच्या आतल्या अंगाला थांबायचं. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली दगडी भिंत आहे, त्या बाजूला मोठा वळसा घालावा.

खाडीत एक फरक असतो. तिथं वाऱ्यापेक्षा पाण्याचा ओढा होडी फिरवतो. भरतीला तोंड समुद्राकडे, ओहोटीला डोंगराकडे. दर सहा तासांनी होडी पूर्ण उलटी होते आणि नांगरावर उलटा ताण येतो. ओढा बदलतो त्या वेळी कुणीतरी जागं असायला हवं.

मालवणी_झील

निवतीसमोर खोल पाण्यात वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह असलेली बेटं. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेची घरटी बांधणाऱ्या. लांबून बघा, पण होडी गुहेत घालू नका आणि बेटावर चढू नका. घरट्यांची चोरी होऊन त्या पाखरांनी आधीच पुष्कळ सोसलंय. रात्री थांबायची तर ती जागाच नव्हे, भोवती पाणी खोल, तळ खडकाळ आणि आडोसा नावालाही नाही.

अनगोळची_अक्का

मी बायकांच्या बाजूनं विचारते. शौचाची सोय काय? आणि जेवण? नवरा म्हणतो गॅसची छोटी शेगडी नेऊया.

वडगावकर

अक्का, बरं झालं विचारलंत, यावर कुणी बोलत नाही आणि मग बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हात ते फार वाईट. होडी ठरवतानाच शौचालय असलेली आहे का विचारा. नसेल तर झाकणाची बादली आणि पिछाडीला ताडपत्रीचा पक्का आडोसा, हे तांडेलाला आधी सांगून बांधून घ्या, संकोच करू नका. रात्री मागं जाताना जॅकेट घालूनच आणि दुसऱ्या कुणाला उठवूनच जायचं. हा नियम पुरुषांनाही.

गॅसची शेगडी मी नेऊ देणार नाही. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर उडून जात नाही, होडीच्या तळाशी साठतो, आणि तिथंच पेट्रोलची वाफही असते. एक ठिणगी पुरे. दशम्या, धपाटे, शेंगाचटणी, गूळ, केळी. रात्री किनाऱ्यावर जेवून मग होडीवर यायचं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, वर एक कॅन राखीव.

शहापूरची_कारवारीण

सगळे मालवणकडेच बोलतायत. "बेळगाव, कारवार, निपाणी" म्हणत मोठे झालो आपण, तर कारवारची बेटं कुणी का काढली नाहीत? माझं माहेर सदाशिवगडाच्या बाजूला. समोर कूर्मगड, पलीकडे दीपगृहाचं देवगड बेट (मालवणपुढचं देवगड वेगळं), दक्षिणेला अंजदीव. असा देखावा मालवणलाही नाही.

वडगावकर

ताई, देखाव्याबद्दल दुमत नाही. पण तिथं आयएनएस कदंब हा नौदलाचा तळ आहे. बेटांच्या आसपास रात्री अनोळखी होडी थांबलेली त्यांना चालत नाही, आणि चालू नयेच.

शहापूरची_कारवारीण

हो, ते खरं. अंजदीव तर नौदलाच्याच ताब्यात आहे, उतरता येत नाही. गंमत म्हणजे ते कारवारच्या तोंडाशी असून गोव्यात मोडतं, कारण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. त्या बेटाचा इतिहास वाचला की नांगर टाकायला जागा मिळणं आणि तिथं राहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळतं. मुंबई ताब्यात घ्यायला आलेलं इंग्रजांचं सैन्य पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी मुंबई द्यायचं लांबवल्यावर तिथं जाऊन बसलं. रोगराईनं त्यातले बहुतेक सैनिक मेले, त्यांचा सेनापती अब्राहम शिपमन १६६४ मध्ये तिथंच वारला.

कूर्मगडाला मात्र नरसिंहाच्या जत्रेला जरूर या, जानेवारीत असते. दिवसा जा, दिवसा परत या. आणि होडी भरलेली दिसली तर चढू नका, दुसरी येईपर्यंत थांबा. २०१९ च्या जत्रेहून परतणारी होडी उलटून माणसं गेली. आमच्या भागात अजून त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली येतो. दर्शनाला घाई नसते, देव तिथंच आहे.

नेत्राणीचंही कुणीतरी विचारेल म्हणून सांगते. ते मुर्डेश्वरसमोर, डायव्हिंगसाठी प्रसिद्ध. तेही दिवसाचंच समजा.

निपाणीकर

परवानगीचं काय? आपण कर्नाटकातले, होडी महाराष्ट्रातली. कुणी अडवलं तर?

मालवणी_झील

कुठल्या राज्यातले हे कुणी बघत नाही, ओळखपत्र बघतात. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर समुद्रात तपासणी कडक झाली आहे आणि ती हवीच. होडी नोंदणीकृत, तांडेलाचा परवाना चालू, कागदांवर जितकी माणसं लिहिली आहेत तितकीच होडीत. निघायच्या आधी बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात सगळ्यांची नावं, मार्ग आणि रात्रीच्या मुक्कामाची जागा लिहून द्या. हे काम तांडेलावर सोपवलं तरी झालंय याची खात्री स्वतः करा. पोलिसांची गस्तीनौका रात्री आली तर दिवा लावा, उभं राहून हात दाखवा, विचारतील ते सांगा.

नांगरावर असताना सगळीकडून दिसेल असा पांढरा दिवा रात्रभर जळायला हवा. लहान होडीला काही ठिकाणी सूट असते, पण आमच्याकडे रात्री मासेमारीच्या होड्या सतत ये-जा करतात. त्यांना तुम्ही दिसला नाहीत तर नियमाचं पुस्तक उपयोगाचं नाही.

खानापूरचा_रानगडी

मग नोव्हेंबर पक्का करालाव आमी. पाऊस तोवर गेलेला असतोय.

वडगावकर

रानगडी, पाऊस गेला म्हणजे दर्या निवळला असं धरू नका. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, तरी ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे महिने. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार आलं, २००९ च्या नोव्हेंबरात फयान. फयाननं कोकणातले कितीतरी मच्छीमार नेले, तेही दर्यातच जन्म काढलेले. वादळ लांब ओमानकडे असलं तरी त्याच्या फुगलेल्या लाटा आपल्या किनाऱ्याला येतात, वर आकाश निळं आणि वारा शून्य असतानाही.

माझं ऐकाल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारी धरा. निघायच्या आधी हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघायचा. लाट दीड मीटरच्या वर दाखवत असेल तर रात्रीचा बेत रद्द. तांडेल "नको" म्हणाला तर लगेच रद्द, घासाघीस नाही. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये साठवा आणि होडीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का, सोळा नंबरच्या चॅनलवर चालतो का, ते बंदरातच बोलून बघा. खडपांच्या आड मोबाइलची रेंज जाते.

अनगोळची_अक्का

आम्ही जानेवारीचं धरतो. दोन कुटुंबं. अष्टमीच्या आसपासचा शनिवार बघून सांगते. देवगडलाच पहिली रात्र काढू, तिथपर्यंत गाडीनं जाऊन. मुलांना बोट लागली नाही तर पुढच्या दिवशी विजयदुर्ग. चालेल का?

वडगावकर

अक्का, उत्तम बेत. तारीख ठरली की इथं टाका, देवगडच्या भरतीच्या वेळा मी काढून देतो. झील, तुमच्या ओळखीतला तांडेल असेल तर अक्कांना व्यक्तिगत निरोपात कळवा, इथं उघड्यावर कुणाचा नंबर नको. आणि अक्का, बोट लागण्यावरची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी द्यायची, डॉक्टरांना मुलांच्या वयाप्रमाणे विचारून. लागायला सुरुवात झाल्यावर दिली तर पोटात टिकत नाही.

मालवणी_झील

कळवतो. जॅकेटांसाठी मुलांची वजनं लिहून ठेवा, तांडेल विचारेल.